चिंगी गुरगुरली म्हणून स्थळ मोडायचं का?

या वेळी पत्रं भरपूर आलीत, जागा तेवढीच आहे, त्यामुळे तीनच घेतलीत. पहिलं जरा लांब आहे पण ते पूर्ण छापायला हवं होतं, का ते उत्तरात कळेल. नावं अर्थातच बदललीत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही सातारचे. आमच्याकडे चिंगी म्हणून गावठी कुत्री आहे, माझ्या मुलीनेच पावसात भिजलेलं पिल्लू उचलून आणलेलं. एरवी अगदी गरीब, दूधवाला गॅसवाला कोणावर साधं भुंकत पण नाही. गेल्या महिन्यात मुलीला बघायला मंडळी आली होती, मुलगा पुण्यात आयटीत, पगार चांगला, घरचे ओळखीतले. पाहुण्यांमध्ये लहान मूल होतं म्हणून चिंगीला गॅलरीच्या ग्रिलला बांधून ठेवलं होतं. पोहे झाल्यावर दोघं बोलायला म्हणून गॅलरीत गेले, मुलाने वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला तशी ती अशी काही गुरगुरली की आम्ही सगळे हॉलमधून धावत गेलो. पाठीवरचे केस उभे, दात बाहेर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी तिला ओरडले आणि एक चापटी पण दिली. (मुलगा काही घाबरला वगैरे नाही हां, हसला उलट, म्हणाला लग्नानंतर माझ्याकडे पाठवा, दोन दिवसात सरळ करतो हिला.) तेव्हापासून मुलगी म्हणतेय मला थोडा वेळ द्या, काहीतरी खटकतंय. काय खटकतंय विचारलं तर सांगता येत नाही. आमचे हे म्हणतात कुत्र्याच्या नादाने चांगलं स्थळ घालवणार आहात. सासूबाई म्हणतात मुक्या जनावराला सगळं कळतं, खंडोबाचं जनावर आहे ते. तिकडून होकार आलाय, ते थांबलेत. कुत्र्याला माणूस ओळखता येतो हे खरं आहे का हो?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, सगळ्यात आधी मी चिंगीची बाजू मांडते, कारण तुमच्या घरात तिचं वकीलपत्र घेणारं कोणी दिसत नाही, सासूबाई सोडून.

बांधलेल्या कुत्र्याला एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे लांब जाणं. मोकळी असती तर ती उठून आत पलंगाखाली जाऊन बसली असती आणि हे पत्रच आलं नसतं. त्यात अनोळखी माणूस समोरून आला, वरून वाकला आणि डोक्यावर हात ठेवला. आपल्याला हे आशीर्वाद दिल्यासारखं वाटतं, कुत्र्याला ते अंगावर येणं वाटतं. आणि गुरगुरणं ही काही तिची पहिली सूचना नसणार. त्याआधी तिने तोंड दुसरीकडे फिरवलं असेल, ओठांवरून जीभ फिरवली असेल, कान मागे टाकले असतील, क्षणभर अंग ताठ करून श्वास रोखला असेल. झोप आलेली नसताना कुत्रं जांभई देतं ना, ते पण त्यातलंच. पण त्या दिवशी चिंगीच्या जांभईकडे कोण बघणार, सगळ्यांचं लक्ष ट्रेकडे.

शिवाय त्या दिवशीचं घर आठवा. सकाळपासून फिनाईल, सोफ्याची कव्हरं बदललेली, कोणी कोणावर तरी ओरडतंय, नवीन माणसं, नवीन बूट, परफ्यूम, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तुमचं टेन्शन. हे मी उगाच म्हणत नाहीये. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत २०२२ साली एक प्रयोग झाला, लोकांना अवघड तोंडी हिशोब करायला लावले, त्याच्या आधी आणि नंतर त्यांचा घाम आणि श्वास कापडावर घेतला आणि ते नमुने चार कुत्र्यांना हुंगायला दिले. १०० पैकी साधारण ९४ वेळा त्यांनी टेन्शनमधल्या माणसाचा नमुना बरोबर ओळखला, माणूस समोर नसताना, नुसत्या वासावरून. आता विचार करा त्या गॅलरीत कोण कोण होतं. तो मुलगा, चिंगी, आणि तुमची मुलगी. चिंगीला मुलाचा स्वभाव कळला की आपल्या माणसाच्या छातीतली धडधड कळली? मला विचाराल तर दुसरी शक्यता खूप जास्त आहे. म्हणजे ती मुलाबद्दल काही सांगतच नसेल, तुमच्या मुलीबद्दल सांगत असेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तगुरूंच्या पायाशी चार आहेत, धर्मराज तर कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नाही म्हणाला, तेव्हा आपल्याकडे कुत्र्याला मान आहे हे मान्यच. पण पत्रिका जुळवायचं काम त्यांच्यापैकी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि कुत्र्याच्या अंतःप्रेरणेवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं ना, त्याची दुसरी बाजू पण सांगते. आपल्या मुंबई पोलिसांचा झंजीर आठवत असेल, १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा लॅब्रॅडॉर. त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं, केवढ्या लोकांचा जीव वाचवला. ते काम त्याच्या नाकाचं होतंच, पण त्यामागे रोजचा सराव होता आणि त्याच्यावर भरवसा ठेवणारा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस होता. आता दुसरं उदाहरण ऐका. कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या विद्यापीठाने २०११ मध्ये असेच वास काढणारे १८ ट्रेन केलेले कुत्रे आणि त्यांचे हँडलर एका चर्चमध्ये सोडले. हँडलरना सांगितलं की आत माल लपवलेला असू शकतो, लाल कागद दिसला तर तिथे आहे असं समजा. प्रत्यक्षात कुठेही काहीही ठेवलेलं नव्हतं. तरी 'इथे माल आहे' अशा ढीगभर खोट्या खुणा मिळाल्या, आणि जिथे हँडलरला लाल कागद दिसत होता तिथे जास्त. कुत्र्याचं नाक बिघडलं नव्हतं, त्याचा माणूस जे मनात धरून चालला होता ते त्याने वाचलं, किंवा हँडलरलाच कुत्र्याने खूण केलीय असं वाटलं, दोन्ही शक्य आहे. तात्पर्य, ट्रेन केलेल्या कुत्र्यांचं हे होतं तर आपली चिंगी बिचारी काय.

म्हणून तुमच्या मिस्टरांचं एक म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, कुत्रं गुरगुरलं एवढ्यावर स्थळ मोडू नये.

पण ताई, मुलीला खटकतंय एवढ्यावर थांबावं मात्र नक्की.

आता त्या चापटीबद्दल. मला राग आलाय असं नाही, चार लोकांत मान खाली जाते तेव्हा हात उठतो. पण क्लिनिकमध्ये आम्ही हे कायम बघतो, गुरगुरल्यावर मार खाल्लेलं कुत्रं हळूहळू गुरगुरणं सोडून देतं. भीती नाही सोडत, फक्त आवाज सोडतं. मग एक दिवस काहीच न सांगता थेट चावतं आणि लोक म्हणतात अहो अचानक चावलं, काही कारण नसताना. गुरगुरणारं कुत्रं हे सगळ्यात प्रामाणिक कुत्रं असतं, ते तुम्हाला वेळ देतंय. आणि मुलींच्या बाबतीत आपल्या घराघरात काय चालतं ते तुम्हाला मी सांगायला नको, एवढं चांगलं स्थळ आहे, काय खटकतंय ते नीट मुद्देसूद सांग, नाही सांगता येत ना, मग झालं. आधी वाटतं आणि कारण मागून सापडतं, कधी चार दिवसांनी कधी चार महिन्यांनी, पण आपण कारण आधी मागतो आणि ते मिळालं नाही की वाटणंच खोटं ठरवतो. चिंगीला कोणी कारण विचारलं नाही हे तिचं नशीब.

आणि मला विचाराल तर कारण तुमच्या पत्रातच आहे, कंसात. "दोन दिवसात सरळ करतो हिला."

बांधलेलं, घाबरलेलं जनावर समोर असताना एखादा माणूस एक पाऊल मागे येतो, एखादा म्हणतो अरे तिला नाही आवडलं वाटतं, एखादा खरंच घाबरतो आणि तसं कबूल करतो, आणि एखाद्याला तिला सरळ करावंसं वाटतं. मी या एका वाक्यावरून मुलाला नापास करत नाहीये हां. सगळ्यांसमोर फजिती झाली, हशा पिकवायला बोलला असेल, पंचविशीतली मुलं काहीही बोलतात. पण तुमच्या मुलीने ते वाक्य ऐकलंय, आणि तिच्या कुत्रीबद्दल ऐकलंय, आणि "लग्नानंतर माझ्याकडे पाठवा" हे पण त्यातच आहे. तिला जे सांगता येत नाहीये ते हे असू शकतं. तिच्याशी एकदा शांतपणे बोला, वडील समोर नसताना, आणि वाक्य तुम्ही होऊन काढू नका, तिच्याकडून येतंय का बघा.

आता करायचं काय. कोलकात्याच्या आयसर संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरंच काम झालंय, २०१७ चं एक मला फार आवडतं. अनोळखी माणसाने खाणं जमिनीवर ठेवलं तर भटकं कुत्रं खातं, तेच हातात धरलं तर बरेचसे जवळ येत नाहीत, भूक असली तरी. मग त्यांनी काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा जाऊन जास्तीचं खाणं दिलं आणि काहींना नुसतं डोक्यावरून हात फिरवून प्रेम दिलं. नंतर कोण जास्त विश्वासाने जवळ आलं? प्रेमवाले. म्हणजे आपल्या गल्लीतलं कुत्रं पहिल्या भेटीत कोणालाच हो म्हणत नाही आणि कायमचं नाही पण म्हणत नाही, अंतर ठेवून बघत राहतं, हा माणूस परत परत आल्यावर कसा वागतो ते. आपण मात्र एक प्लेट पोहे आणि वीस मिनिटं गॅलरी एवढ्यावर आयुष्याचा निकाल मागतो.

तेव्हा तिकडे सरळ कळवा की मुलांना अजून भेटू दे. घरी नको, पाहुणे नकोत. मुलीला वाटलं तर एकदा चिंगीला घेऊन मोकळ्या मैदानात, पट्टा लांब, मुलाला सांगायचं तिच्याकडे बघू नकोस, हात लावू नकोस, तिला येऊ दे. चिंगी आली की नाही याला काही महत्त्व नाही, ती नाही आली तर मुलगा कसा वागतो ते तुमच्या मुलीला दिसेल. आणि बाकी गोष्टी पण, वेटरशी कसा बोलतो, तिने नाही म्हटलं तर चेहरा कसा होतो. "अजून किती वेळ" म्हणून ते घाई करायला लागले तर ते पण एक उत्तरच समजा.

चिंगीला परत ग्रिलला बांधू नका. पाहुणे आले की आतल्या खोलीत, पाण्याचा वाडगा आणि चघळायला काहीतरी देऊन दार लावून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त आहे, नागपूरला असतो. सहा महिन्यांपूर्वी मिसेस गेल्या. आमचा ब्रूनो त्यांचाच होता म्हणा ना, मी फक्त फिरवायचो. संध्याकाळी सात वाजता त्या त्याला दूधभाकरी द्यायच्या, अजूनही सात वाजले की तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसतो, मी दिलं तर हुंगतो आणि अर्धवट खातो. मला काही नाही, मी ठीक आहे, माझा डबा येतो, पण त्याचे हाल बघवत नाहीत. मुलगा अमेरिकेत आहे, तो म्हणतो बाबा ते प्रेम वगैरे काही नसतं, सवय असते खाण्याची, तुम्हाला झेपत नसेल तर चांगल्या घरी देऊन टाका. खरंच फक्त सवय असते का?

उत्तर: काका, आधी कामाचं. ब्रूनोचं वय तुम्ही लिहिलं नाहीत पण म्हातारा असणार असं धरते. त्याला या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासा, किडनी बघा, आणि तोंड उघडून दात नक्की बघायला सांगा. कुत्रं जेवत नाही आणि घरात कोणी गेलेलं असलं की सगळे दुःखाच्या खात्यावर टाकतात आणि निघते सडलेली दाढ. दुःख पण असेल, दाढ पण असेल, दाढेला औषध आहे. (दूधभाकरीबद्दल मी एरवी दोन शब्द बोलले असते, आत्ता नाही बोलत.)

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. असं म्हणणारे खूप आहेत आणि ते मूर्ख नाहीत. जपानच्या हाचिकोबद्दलही लोक हेच म्हणाले. गोष्ट तुम्हाला माहिती असेल, टोकियो विद्यापीठातले शेतकीचे प्राध्यापक उएनो, त्यांचा हा अकिता कुत्रा त्यांना घ्यायला शिबुया स्टेशनवर जायचा. मे १९२५ मध्ये ते तिकडे कामावर असतानाच वारले, आणि हाचिको मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, स्टेशनवर येत राहिला. शंका घेणारे म्हणाले की तिथे काडीला लावून भाजलेली कोंबडी विकायचे त्या वासाने यायचा. त्याच्या पोटात तसल्या काड्या सापडल्या पण होत्या. पण गंमत अशी आहे की सुरुवातीची वर्षं त्याला तिथे कोणी लाड करून खायला घालत नव्हतं, हाकलायचेच, १९३२ मध्ये पेपरात बातमी आली तेव्हा लोक बदलले आणि १९३४ ला त्याचा पुतळा बसवला, तो जिवंत असतानाच. हाकलून देत असताना पण तो येत होता.

हंगेरीत बुडापेस्टला १९९८ मध्ये एक प्रयोग झालाय, लहान मुलांचा आईवर किती जीव आहे ते बघायची जी पद्धत असते तीच कुत्र्यांवर वापरली. अनोळखी खोली, एक अनोळखी माणूस, मालक थोडा वेळ बाहेर जातो आणि परत येतो. कुत्रे मालक असताना खेळत होते, खोली हिंडून बघत होते, मालक गेला की दाराशी, आणि परत आल्यावर जी धाव ती फक्त मालकाकडे. तिथे खाण्याचा प्रश्नच नव्हता. जपानमधल्या आझाबू विद्यापीठाचं २०१५ चं काम तर याच्याही पुढे जातं, मालक आणि कुत्रं एकमेकांच्या डोळ्यात बघत बसले की दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही.

आणि समजा असेल सवय. काकू रोज सात वाजता, बरं असो नसो, त्याच्यासाठी भाकरी कुस्करत होत्या, ती पण सवयच ना? मला तर सवय आणि प्रेम यात एवढी भिंत दिसत नाही, एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला तरी दिसली का?

त्याला कुठेही देऊ नका. एक घर गेल्यासारखं झालंय त्याचं, दुसरंही घालवू नका. फिरायच्या वेळा अजिबात बदलू नका, काकूंची एखादी जुनी साडी न धुता त्याच्या अंथरुणात ठेवा, काही कुत्रे तिच्यावर निवांत झोपतात, काहींची तगमग वाढते, तगमग दिसली तर काढून घ्या. आणि खाणं हॉलमध्ये देऊ नका, सात वाजता स्वयंपाकघरात द्या, जिथे तो बसतो तिथेच. तुम्ही पण तुमचा डबा तेव्हाच उघडा आणि तिथेच, त्याच्यासमोर बसून जेवा. टीव्हीसमोर नको. तुम्ही ठीक आहात असं तुम्ही लिहिलंय, मी वाचलं ते. तरी दोन आठवडे करून बघा आणि मला कळवा कोणाचं जेवण वाढलं ते.

मुलाला सांगा, शक्य झालं तर रोज तुमच्या सातला व्हिडिओ कॉल कर, आणि आधी ब्रूनोला हाक मार.

प्रश्न: आमच्याकडे लॅब (लॅब्रॅडॉर) कुत्रा आहे. मागच्या आठवड्यात भरदुपारी चोर शिरला, लॅपटॉप घेऊन गेला, सीसीटीव्हीत दिसतंय की हा गाढव त्याच्यासमोर उताणा पडून पोट खाजवून घेतोय. चोराने पण खाजवलं! याच्यात अंतःप्रेरणा नावाची गोष्टच नाही का?
– त्रस्त नाशिककर

उत्तर: आहे की, माणूस दिसला की चांगलंच होणार अशी त्याची ठाम अंतःप्रेरणा आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या जनुकांत असे बदल सापडले जे त्यांच्या या अति माणूसवेडेपणाशी जोडलेले आहेत, आणि त्याच भागात गडबड झाली की माणसांत विल्यम्स सिंड्रोम होतो, ज्यातली मुलं कोणाच्याही गळ्यात पडतात. लॅब तर शिकारीत पडलेला पक्षी चावा न घेता मालकाच्या हातात आणून द्यायला तयार केलेली जात. तुमच्या कुत्र्याने जात राखली. घर राखायचं काम त्याला दिलं ते चुकीच्या खात्यात बदली केल्यासारखं झालं.

त्याला आता तिखट वागवून, उपाशी ठेवून वगैरे रागीट करायला जाऊ नका, असे सल्ले देणारे खूप भेटतील. भरदुपारी चोर शिरला म्हणजे दार नुसतं लोटलेलं होतं ना? लॅच बसवा. आणि ते फुटेज पोलिसांना दिलंत का, कुत्र्यासमोर दोन मिनिटं बसलाय म्हणजे चेहरा स्पष्ट आला असणार.